अमोल पालेकर : लोकप्रिय नट दिग्दर्शनाकडे का वळला?

पाचपाखाडीकर (ठाणे) : आमच्या सोसायटीचा वाचनगट पुढच्या महिन्यात अमोल पालेकरांच्या कारकिर्दीवर चर्चा ठेवत आहे. ‘रजनीगंधा’ (१९७४), ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’ आणि ‘गोलमाल’ (१९७९) यांमुळे घराघरांत पोहोचलेल्या या नटाने १९८१ मध्ये ‘आक्रीत’ दिग्दर्शित केला आणि पुढे दिग्दर्शनालाच प्राधान्य दिले. लोकप्रियता ऐन भरात असताना हे का घडले असावे? चर्चेआधी त्यांचा कोणता चित्रपट दाखवावा?

नौपाड्याचा प्रेक्षक : मला हे वळण अचानक आलेले वाटत नाही. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकलेले पालेकर नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबे यांच्याबरोबर प्रायोगिक रंगभूमीवर घडले आणि ‘रजनीगंधा’ येण्यापूर्वीच, १९७२ मध्ये, त्यांनी ‘अनिकेत’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली होती. बसथांब्यावर बुजणारा, ऑफिसात कारकुनी करणारा तो लाडका तरुण प्रेक्षकांना भेटला तो त्यानंतर. ‘आक्रीत’ची पटकथा विजय तेंडुलकरांची आणि तिला आधार परभणी जिल्ह्यातील मानवतच्या नरबळी हत्याकांडाचा. त्यात पालेकरांनी स्वतः भूमिकाही केली. ज्या चेहऱ्याच्या भाबडेपणावर लोकांनी इतका जीव लावला, तोच चेहरा अशा क्रूर कथेत उभा करायला फार मोठे धैर्य लागते, आणि म्हणूनच नटापेक्षा दिग्दर्शक पालेकरांविषयी मला अधिक आदर वाटतो.

ऐरोलीहून : आदर योग्यच, परंतु नटाला इतके मागे सारू नये. श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’मध्ये (१९७७) त्यांनी पत्नीच्या कमाईवर जगणारा संशयी नवरा रंगवला, तोही ‘चितचोर’च्या पुढच्याच वर्षी. साचा मोडण्याची ओढ अभिनयातही होती.

घोडबंदर रोड : वाचनगट आहे, तर ‘बनगरवाडी’ (१९९५) दाखवा. व्यंकटेश माडगूळकरांची मूळ कादंबरी लहानशी आहे, सर्वांची महिनाभरात वाचून होईल. धनगरांच्या वस्तीत शाळा चालवायला आलेला तरुण मास्तर आणि दुष्काळाने उठत जाणारी ती वस्ती पुस्तकात कशी येते व पडद्यावर कशी, यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दुसरा चित्रपट ठेवता आला, तर संततिनियमनाचे पुरस्कर्ते र. धों. कर्व्यांवरचा ‘ध्यासपर्व’ (२००१) निवडा. शाहरुख खान असलेला, भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवलेला ‘पहेली’ (२००५) बहुतेकांनी पाहिलेलाच असेल.

पाचपाखाडीकर : ‘बनगरवाडी’ निश्चित करतो. ‘भूमिका’तील एखादा प्रसंगही चर्चेत घेऊ.