विरळ तंतुमेघ (उंचावरचे हिमकणांचे ढग) उपग्रहचित्रात कसे ओळखावेत?

प्रश्न (फोंडा): सूर्याभोवती खळे आणि तंतुमेघांचा पांढुरका पडदा डोळ्यांना स्पष्ट दिसत असताना इन्सॅट-३डीएस या भारतीय हवामान उपग्रहाच्या अवरक्त (उष्णतेचे प्रारण टिपणाऱ्या) चित्रात गोव्यावरचे आकाश मोकळे का भासते?

उत्तर (पणजी): विरळ ढगातून खालच्या उबदार समुद्राचे प्रारण आरपार येते, म्हणून तो ढग प्रत्यक्षाहून उष्ण भासतो. आपण सुमारे १०.८ आणि १२ मायक्रोमीटर या वाहिन्यांनी (उपग्रह टिपतो त्या तरंगलांबीच्या पट्ट्यांनी) दाखवलेल्या तापमानांतील फरक काढून पाहावा. हिमकण १२ मायक्रोमीटरजवळ अधिक शोषण करतात, त्यामुळे विरळ तंतुमेघांच्या जागी हा फरक वाढतो.

उत्तर (मडगाव): मात्र आपल्याकडच्या दमट हवेतील बाष्पही हाच फरक वाढवते. दिवसा नासाच्या उपग्रहांवरील मोडिस उपकरणाची १.३८ मायक्रोमीटर वाहिनी मला अधिक भरवशाची वाटते, कारण खालून परतणारा प्रकाश बाष्प शोषून घेते आणि उंचावरचे ढग तेवढे उजळ दिसतात.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहतो.