सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी रजा मिळते का?

नमस्कार मंडळी,
सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्याअखेर भारतात ठरलंय. मी एफएमएलएची (घरच्यांच्या आजारपणात रजा देणारा अमेरिकेचा केंद्रीय कायदा) रजा मागितली, तर एचआरने "सासू चालत नाही" म्हणून हात वर केले. आईसाठी मिळते, मग सासूसाठी का नाही? आणि भारतातल्या डॉक्टरचा कागद इथे चालेल का? आम्ही दोघंही न्यू जर्सीत मोठ्या कंपन्यांत आहोत.
– प्र.

ताई,
एचआरने अर्धंच सांगितलंय. 1993 च्या या केंद्रीय कायद्यात आई-वडील येतात, सासू-सासरे येत नाहीत. त्याखाली रजा मागायची ती तुमच्या यजमानांनी. कंपनीत 12 महिने झालेले, गेल्या वर्षभरात 1250 तास काम आणि 75 मैलांत कंपनीची 50 माणसं, एवढं असलं की 12 आठवडे मिळतात. बिनपगारी, पण हेल्थ इन्शुरन्स चालू राहतो. (सासूच्या आजारपणात रजेचा अर्ज आधी सूनच का टाकते, हा विषय वेगळा!)

पण न्यू जर्सीच्या फॅमिली लीव्ह अ‍ॅक्टमध्ये सासू-सासरे धरलेले आहेत. 24 महिन्यांत 12 आठवडे. तेव्हा नुसतं "एफएमएलए" म्हणू नका, राज्याच्या कायद्याचं नाव घालून ईमेल करा. फोनवर बोललेलं नंतर कुणाला आठवत नाही. ठरलेल्या ऑपरेशनसाठी 30 दिवस आधी कळवावं लागतं, म्हणजे याच आठवड्यात.

यजमानांच्या एफएमएलए अर्जाला भारतातल्या डॉक्टरचा कागद चालतो. त्यांना तिथे प्रॅक्टिसचा परवाना असला की झालं. फॉर्म डब्ल्यूएच-380-एफ. कंपनीने मागितल्यापासून निदान 15 दिवस हातात असतात, तरी सर्जनकडून आत्ताच भरून घ्या. ते घाईत "विश्रांती आवश्यक" एवढंच खरडतात आणि फॉर्म परत येतो. उठवणं-बसवणं, आंघोळ, फिजिओथेरपीला नेणं, हे किती आठवडे लागेल ते लिहायला सांगा.
– स.

स. भाऊ, मध्येच विचारतो. मला काकूने वाढवलं, तिची आता केमो चालू आहे. ती एफएमएलएत बसते का? आणि भारतातून रिमोट काम एडीएखाली (अपंगांच्या हक्कांचा अमेरिकी कायदा) मागता येईल?
– म.

काकू बसते. लहानपणी आईच्या जागी जिने सांभाळलं, ती कायद्याने पालकच. रक्ताचं नातं लागत नाही. कंपनीने विचारलं तर तसं साधं निवेदन लिहून द्यायचं. केमोसाठी रजा सलग घ्यायची गरज नाही, तुकड्या-तुकड्यांतही घेता येते.

एडीएचं मात्र विसरा. तिथली सोय कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अपंगत्वासाठी असते, घरच्यांच्या नाही. रिमोट काम द्यायचं की नाही ही कंपनीची मर्जी, आणि भारतातून म्हटलं की टॅक्सवाले आणि व्हिसावालेही मध्ये पडतात. मॅनेजरशी बोलून पाहा, पण रजेचा अर्ज त्याच्यासाठी अडवून ठेवू नका.
– स.