कक्षा, कक्षक, कवच: कुठे काय लिहायचं?

प्रश्न : "कार्बनच्या दुसऱ्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात" आणि "कार्बनच्या २पी कक्षेत दोन इलेक्ट्रॉन असतात" ही दोन्ही वाक्यं एकाच टिपणात आहेत. दोन्हीकडची कक्षा एकच का? 'कक्षक' (ऑर्बिटल) लिहिलं तर चालेल?

– नाही, दोन्हीकडे नाही चालणार. पहिल्या वाक्यात कवच (शेल) हवं, दुसऱ्यात त्याचा पोटभाग, म्हणजे उपकवच (सबशेल). २पी उपकवचात तीन कक्षक असतात आणि एका कक्षकात फार तर दोन इलेक्ट्रॉन मावतात, तेही विरुद्ध परिवलनाचे (स्पिनचे). कार्बनचे दोन पी-इलेक्ट्रॉन दोन निरनिराळ्या कक्षकांत एकेकटे असतात. तिथे "२पी कक्षकात दोन" लिहिलंत की वाचणारा त्यांची जोडी लावून मोकळा होतो, आणि मग कार्बनमध्ये अयुग्मित इलेक्ट्रॉन उरतच नाहीत.

– कक्षा हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरच्या १९१३च्या अणूच्या प्रतिमानापुरता ठेवावा. तिथे खरोखर ठरावीक त्रिज्येची वाट आहे. कक्षक म्हणजे एका इलेक्ट्रॉनचं तरंगफलन, त्याची अवस्था सांगणारं गणिती फलन. त्याच्या वर्गावरून इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची संभाव्यता किती, ते कळतं. वाट वगैरे काही नाही.

– पण हायड्रोजनसाठी दोन्हींत ०.५२९ अँगस्ट्रॉमच (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) येतं ना?

– येतं, आणि घोळ तिथेच होतो. बोरकडे ती पहिल्या कक्षेची त्रिज्या. १एस कक्षकात ते फक्त सर्वाधिक संभाव्य अंतर. दर घनएककामागची संभाव्यता बघाल तर ती अणुकेंद्रकापाशीच सर्वांत जास्त, ०.५२९वर ती तिथल्या साधारण १३.५ टक्केच उरते. मात्र अंतर वाढतं तसं गोलाकार थराचं आकारमानही वाढतं, म्हणून दोहोंच्या गुणाकाराचं शिखर ०.५२९वर येतं. त्या त्रिज्येच्या आत इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता जेमतेम ३२ टक्के, बाकी सगळी बाहेर. सरासरी अंतर काढलं तर ०.७९४. ऊर्जा मात्र दोन्हीकडे तीच, उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.
शिवाय बोरच्या पहिल्या कक्षेत कोनीय संवेग h/२π (h म्हणजे प्लांकचा स्थिरांक). १एसमध्ये कक्षीय संवेग शून्य. मग इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती गोल फिरतो म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

– म्हणून क्रियापदही बदला. "कक्षकात फिरतो" नको, "कक्षकात असतो" पुरे. २पीची डंबेलसारखी आकृती म्हणजे इलेक्ट्रॉनचा रस्ता समजला, की लगेच पुढची शंका येते: मधल्या प्रतलावर संभाव्यता शून्य, तर तो पलीकडे जातो कसा? तो एका बाजूकडून दुसरीकडे जातच नाही. दोन्ही भाग मिळून एकच अवस्था आहे.

– 'कक्षीय संवेग' हा शब्द मात्र रूढ आहे, तो राहू द्या. तिथे कक्षा शोधायला जाऊ नये, एवढंच. परिवलनाचंही तेच: इलेक्ट्रॉन स्वतःभोवती गिरकी घेत नाही.