वार्ता-नेट बंद करावे की चालू ठेवावे? मॅरेथॉनच्या सेवेआधी सल्ला हवा आहे

लघुलहरी (प्रश्न)

आमच्या हॅम (हौशी रेडिओ) क्लबचे वार्ता-नेट, म्हणजे रेडिओवरची बातम्यांची बैठक, दर रविवारी रात्री दोन मीटर बँडच्या रिपीटरवर (आवाज पकडून पुढे प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावर) भरते. नवे परवानाधारक, परीक्षेच्या तारखा, अँटेना बांधणीचे वर्ग, पुढच्या उपक्रमासाठी हवे असलेले स्वयंसेवक अशा बातम्या सचिव वाचून दाखवतात आणि बाकीचे सदस्य शेवटी आपापली कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारी ओळखखूण) सांगून निघून जातात. हल्ली हजेरी इतकी रोडावली आहे की, हेच वृत्त ईमेलने पाठवून नेट बंद करावे, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे.

त्याच सुमारास एका मॅरेथॉनच्या आयोजकांनी ४२ किलोमीटरच्या मार्गावरील संदेशवहन आमच्याकडे सोपवले, पण त्यासाठी घेतलेली पहिली रंगीत तालीम साफ फसली. एका चौकीवरून ‘…किलोमीटरवर पाणी संपले’ एवढेच ऐकू आले. कितव्या किलोमीटरवर, हे विचारायला तिघांनी एकदम बटण दाबले आणि नंतर बराच वेळ शिट्टी आणि खरखर याखेरीज काहीही कानी पडले नाही. नवे हँडहेल्ड (हातात धरायचे संच) घ्यावेत, असे बहुतेकांचे मत आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना तारायंत्री

नेट बंद करू नका. तुमच्या तालमीत जे चुकले, त्याचा सराव करण्याची जागा तुमच्याकडे दर रविवारी आयतीच उपलब्ध आहे.

हरवलेल्या शब्दापासून सुरुवात करतो. बटण दाबल्यावर आपला संच प्रक्षेपणावर जातो, रिपीटर आपला सबटोन (आवाजासोबत जाणारा ओळखीचा खालचा सूर) ओळखतो आणि मग त्याचा ट्रान्समीटर सुरू होतो. या सगळ्याला सेकंदाचा काही अंश लागतो आणि तेवढ्यात बोललेले पहिले अक्षर किंवा आख्खा शब्द वाऱ्यावर जातो. ‘आठव्या’ म्हणा किंवा ‘अठराव्या’, महत्त्वाचा शब्द नेमका तोच होता. बटण दाबून श्वासभर थांबायचे आणि मग बोलायचे, ही सवय महागड्या संचातही मिळत नाही. दुसऱ्याचे बोलणे संपल्यावरही क्षणभर थांबावे, कारण त्या फटीत सलग प्रक्षेपणाची मर्यादा मोजणारा रिपीटरचा टायमर पुन्हा शून्यावर येतो आणि कोणाला तातडीचा संदेश द्यायचा असेल, तर त्याला वाट मिळते.

आता वार्ता-नेटविषयी. सचिवांनी एकट्याने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे, हा प्रकार कोणालाही कंटाळवाणा वाटेल. त्याऐवजी दर आठवड्याला वेगळ्या सदस्याला नेट कंट्रोल, म्हणजे नेटचा सूत्रधार, करावे. त्याने प्रथम तातडीचे संदेश विचारावेत, मग एकेका स्थानकाला क्रमाने बोलावून हजेरी घ्यावी आणि त्याच्या अनुमतीशिवाय कोणी बोलू नये. बातम्या चार-पाच जणांत वाटून द्याव्यात. प्रत्येकाने आपली बातमी क्रमांक, पाठवणारा, वेळ आणि मजकूर अशा रीतसर संदेशाच्या रूपात द्यावी, ऐकणाऱ्याने ती कागदावर उतरवून परत वाचून दाखवावी आणि चूक निघाल्यास तेवढाच भाग पुन्हा मागावा. परीक्षेची तारीख चुकीची लिहिली गेली तर हसून सोडता येते, पण शर्यतीत रुग्णवाहिका चुकीच्या चौकीवर गेली तर तसे करता येत नाही.

आकड्यांबाबत आपल्या भाषेची एक खास अडचण आहे. एकोणतीस आणि एकोणचाळीस, त्रेपन्न आणि त्रेसष्ट हे खरखरीत सारखेच ऐकू येतात. धावपटूचा क्रमांक नेहमी सुटा सांगावा: ‘पाच, तीन’. सुरुवातीला हे पोरकट वाटते, आम्हालाही वाटले होते.

छतावरचा कावळा

सरावाबद्दल दुमत नाही, पण सगळा दोष शिस्तीवर ढकलणे मला पटत नाही. पाच वॅटचा हँडहेल्ड कमरेला अडकवून, आखूड रबरी अँटेना अंगाला चिकटवून कोणी बोलत असेल, तर अर्धी लढाई तिथेच हरलेली असते. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची अँटेना सुमारे ४९ सेंटिमीटरची होते. ती चुंबकी बैठकीवर लावून गाडीच्या लोखंडी टपावर ठेवली, की तोच संच ओळखू येत नाही. त्यामुळे नवे हँडहेल्ड घेण्याआधी अँटेना बदलाव्यात. कार्यशाळेत सदस्यांनी त्या स्वतः बनवल्या, तर पुढच्या वार्ता-नेटला बातमीही मिळेल!

तालमीआधी दोघांनी संपूर्ण मार्ग फिरून, प्रत्येक चौकीवरून रिपीटर उघडतो का आणि आवाज स्वच्छ जातो का, हे नोंदवून ठेवावे. रिपीटर बंद पडल्यास कोणत्या सिम्प्लेक्स (रिपीटरविना थेट संच-ते-संच) वारंवारितेवर जायचे, हे प्रत्येकाच्या कागदावर आधीच लिहिलेले असावे, आणि मार्गाच्या मध्यावर उंच जागी एक स्थानक निरोप पुढे देण्यासाठी बसवावे. दोन मीटरच्या लहरी बहुतांशी दृष्टिरेषेत जातात, त्यामुळे टेकडीआड असलेली चौकी सिम्प्लेक्सवर ऐकू येणार नाही.

नियमवही

आयोजकांशी बोलताना दोन गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्याव्यात. हौशी रेडिओ सेवेच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतच आर्थिक लाभ वगळलेला आहे, तेव्हा संदेशवहनाचा मोबदला घेऊ नये, आणि आयोजकांचे निरोप देण्याची मुभा आपल्या परवान्याच्या अटींत कितपत आहे, हेही तपासावे. दुसरे म्हणजे, अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा आपल्याला वापरता येत नाही आणि स्कॅनर असलेला कोणीही ऐकू शकतो, म्हणून चक्कर येऊन पडलेल्या धावपटूचे नाव किंवा आजार हवेत सांगू नये. त्याचा क्रमांक, ठिकाण आणि हवी असलेली मदत एवढे पुरते. परवाना नसलेल्या स्वयंसेवकांना नोंदवही सांभाळायला बसवा. बोलणाऱ्यालाच लिहावे लागले, की दोन्ही कामे बिघडतात.

लघुलहरी

सर्वांचे आभार. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले, तेव्हा ‘किलोमीटरवर’च्या आधी ‘व्या’ एवढाच तुकडा सापडला, म्हणजे तारायंत्री यांचे निदान अचूक आहे. चौकीवरून बोलणारा तो सदस्य मीच होतो, हे प्रश्नात लिहायला धीर झाला नव्हता. नेट बंद करण्याचा प्रस्ताव शर्यत होईपर्यंत बाजूला ठेवण्यास कार्यकारिणी तयार झाली आहे. येत्या रविवारी नेट कंट्रोल म्हणून माझीच नेमणूक झाली असून अँटेनांसाठी लागणारी तार आणि कनेक्टर यांची यादी ही त्या नेटवरची पहिली रीतसर बातमी असेल. ती किती जणांना अचूक उतरवता आली, ते इथेच कळवीन.