पाठातली चित्रं शिकवायला वेगळा वेळ द्यावा का?

खडूफळा

पहिलीत चित्रवाचन असतं. मुलाला अक्षरं आली की ते बंद होतं. तिसरी-चौथीत पाठ वाचायचा, शब्दार्थ लिहायचे, स्वाध्याय सोडवायचा, आणि अर्ध्या पानावरच्या चित्राकडे बघायचंही नाही, अशी पद्धत मी अनेक वर्गांत पाहतो. माझ्या मते खरी गरज तिथूनच सुरू होते. तोवर चित्रात घर, झाड, आजी असतात. आता नकाशा येतो, छेद (वस्तू कापून आतला भाग दाखवणारी आकृती) येतो, बाण येतात.

अन्नसाखळीचंच घ्या. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. कोण कोणाला खातं हे गावातल्या मुलांना पाठाआधीच माहीत असतं. पण मधले बाण पुसून परत काढायला सांगा. बरीच मुलं बाणाचं टोक भक्ष्याकडे करतात, कारण त्यांच्या लेखी बाण म्हणजे 'हा त्याला खातो'. पुस्तकातला बाण मात्र ऊर्जा कुठे जाते ते दाखवतो, म्हणून तो गवताकडून नाकतोड्याकडे जातो. हे चित्रात कुठेही लिहिलेलं नसतं, मजकुरातून घ्यावं लागतं. डासाच्या जीवनचक्रात अंडं आणि डास जवळपास एकाच आकाराचे काढलेले असतात. ते तसे का, हेही कोणीतरी सांगायला हवं.

म्हणून आठवड्यातली एक तासिका यासाठी द्यावी. आधी मजकूर वाचायचा, मग चित्र. प्रश्न दोनच : हे तुला शब्दांतून कळलं की चित्रातून? आणि चित्रात असं काय आहे, जे मजकुरात नाही?

कल्पना नवी मुळीच नाही. कोमेनियस या युरोपातल्या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली जर्मनीतल्या न्युरेम्बर्गहून मुलांसाठी सचित्र पुस्तक काढलं, त्यात चित्रातल्या वस्तूंना आकडे दिले होते आणि तेच आकडे बाजूच्या मजकुरात शब्दांपाशी होते. नजर चित्रातून वाक्यात जावी आणि परत यावी, हा त्यामागचा विचार.

मात्रा_वेलांटी

सर, तळमळ पोचली, पण मी असहमत आहे. मी वाचनात मागे पडलेल्या मुलांबरोबर काम करते. 'ब बदकाचा' या तक्त्यावर बोट ठेवलं की मूल 'बदक' म्हणतं. चित्र झाकलं की गप्प. मजकुरात 'वासरू' असतं, चित्रात गाय मोठी दिसते, मूल खुशाल 'गाय' वाचून पुढे जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, वाचतंय!

अमेरिकेत सॅम्युएल्स या वाचनावरच्या संशोधकांनी १९६७ साली केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं : शब्द ओळखायला शिकताना चित्र समोर असेल, तर विशेषतः कच्च्या मुलांचं लक्ष चित्राकडे जातं आणि शब्द पक्का होत नाही. केंद्र सरकारच्या निपुण भारत या अभियानाचं उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीस समजून वाचता येणं हे आहे. ज्या वर्गात निम्मी मुलं जोडाक्षराला अडतात, तिथे ती तासिका मी वाचनालाच देईन.

रेघोटी

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. मात्राताई, तुम्ही सांगताय तो तोटा शब्द ओळखण्यातला आहे. गोष्ट समजणं ही पुढची पायरी. पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक' (१९६८) पाहा. मजकूर जेमतेम ३२ शब्दांचा : कोंबडी फिरायला निघाली, कुठून कुठून गेली, जेवणाच्या वेळेला परतली. तिच्या मागावर असलेला कोल्हा फक्त चित्रात आहे, शब्दांत त्याचं नावही नाही. नुसतं वाचणाऱ्या मुलाला यात काय गंमत वाटणार?

एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. इतिहासाच्या पाठातलं लढाईचं चित्र मुलं फोटोसारखं खरं मानतात. ते आमच्यातल्याच कोणीतरी तीनशे वर्षांनंतर कल्पनेने काढलेलं असतं. चेहरा, पागोटं, मागचा डोंगर यातलं आधारावर किती आणि चित्रकाराच्या मनचं किती, हे चौथीतलं मूल विचारू शकतं. त्याला विचारायला शिकवलं तर.

पाटीदप्तर

पालक म्हणून लिहितो. माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. आपल्याकडे चांगल्या गोष्टीचा प्रश्नप्रकार होतो. 'चित्र पाहा आणि पाच वाक्ये लिहा' याचं काय झालं? 'चित्रात एक झाड आहे. झाड हिरवे आहे.' पाचही वाक्यं पाठ, कुठल्याही चित्राला चालतात, गुणही मिळतात. तासिका ठरली की गाईड येईल आणि 'चित्रात असं काय आहे जे मजकुरात नाही' याचं उत्तरही त्यात छापलेलं असेल. त्यापेक्षा ज्या शिक्षकाला आवड आहे त्याने करावं, वेळापत्रकात घालू नये.

सावली_दुपार

माझ्या मुलीला फार कमी दिसतं. तिच्या वर्गात बाई चित्र असलं की शेजारच्या मुलांना ते तिला बोलून सांगायला लावतात. सांगणारी मुलं आधी 'मुलगा उभा आहे' एवढंच म्हणायची. ती विचारते : कुठे बघतोय? हातात काय आहे? मग त्यांना पुन्हा चित्रात शोधावं लागतं, कधी पाठातलं वाक्यही परत वाचावं लागतं. माझं मत तासिकेच्या बाजूने.

खडूफळा

पाटीदप्तर, तुमची भीती रास्त आहे, म्हणूनच यावर गुण नकोत, लेखी तर नकोच. पण आवडीवर सोडलं की काय होतं तेही दिसतं : ज्या शाळेत तसा शिक्षक नाही, तिथल्या मुलांना बाणाचा अर्थ सातवीपर्यंत कोणी सांगत नाही. मात्राताई, पहिली-दुसरीत शब्द शिकताना चित्र झाका, मला मान्य आहे. मजकूर आधी, चित्र नंतर, हा क्रम मी त्यासाठीच ठेवला आहे.

मात्रा_वेलांटी

क्रम पटला. माझी अडचण तिसरीतल्या त्या मुलाची आहे, ज्याला मजकूर वाचताच येत नाही. तुमच्या तासिकेत तो चित्रावर भरभरून बोलेल, सगळ्यांना बरं वाटेल आणि त्याचं न वाचणं आणखी एक वर्ष लपेल. विज्ञान आणि भूगोलाच्या आकृत्या त्या त्या तासाला शिकवा, माझी ना नाही. भाषेच्या तासातून मात्र एक मिनिटही काढू नका, निदान तो मुलगा एक परिच्छेद स्वतः वाचेपर्यंत.