क्ष-किरण द्वैती ताऱ्यांतील ‘सहचर तारा’ नेमका कोणता?

प्रश्न : व्याधाच्या जोडीत मंद श्वेत बटूला (मृत ताऱ्याच्या लहान, दाट गाभ्याला) सहचर म्हटले जाते, हे समजते. पण हंस क्ष-१ या क्ष-किरण स्रोताविषयी वाचताना तेथील तेजस्वी, निळ्या महाराक्षसी ताऱ्यालाच सहचर म्हटलेले आढळते, आणि तो तर जोडीतील अधिक वस्तुमानाचा घटक आहे. मग हा शब्द कशावरून ठरतो? त्याऐवजी ‘दाता तारा’ किंवा ‘दुय्यम तारा’ म्हणावे काय?

उत्तर : ‘सहचर’ हा शब्द आकार किंवा तेज सांगत नाही, चर्चा ज्या घटकाभोवती चालली आहे त्याच्या जोडीला कोण फिरते, एवढेच तो सांगतो. व्याध आधीपासून ठाऊक होता. त्याच्या गतीतील हेलकाव्यांवरून जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी १८४४ मध्ये अदृश्य सोबत्याचा तर्क केला आणि तो १८६२ मध्ये दुर्बिणीतून दिसला. हंस क्ष-१ च्या बाबतीत क्रम उलटा होता. १९६४ मध्ये अग्निबाणावरील उपकरणांना प्रथम क्ष-किरणांचा स्रोत सापडला आणि त्याच जागी असलेला तारा ५.६ दिवसांत कोणाभोवती तरी फिरतो, हे १९७०च्या दशकाच्या आरंभी उमगले. म्हणून तेथे तारा हा स्रोताचा सहचर ठरला.

‘दुय्यम’ हा शब्द मी तरी टाळीन, कारण त्यातून वस्तुमानाचा चुकीचा बोध होतो. ‘दाता’ नेमका आहे, पण अरुंद. ताऱ्याचे द्रव्य कृष्णविवराकडे किंवा न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढले जाऊन त्याची तापलेली तबकडी क्ष-किरण देते, हे सांगताना तो चपखल बसतो (अशी जोडी म्हणजेच क्ष-किरण द्वैती). मात्र २०२२ मध्ये जाहीर झालेल्या गाया बीएच-१ या जोडीत सूर्यासारखा तारा कृष्णविवराभोवती सुमारे १८६ दिवसांत फिरतो आणि त्याच्याकडून लक्षणीय द्रव्य जात नाही. तो सहचर आहे, दाता नाही.

शिवाय निरीक्षकाला सहचर हवा असतो तो बहुधा वजनकाट्यासारखा. हंस तारकासमूहातील व्ही ४०४ या कृष्णविवर व ताऱ्याच्या जोडीचा १९८९ मध्ये उद्रेक झाला, तेव्हा तबकडीच्या प्रकाशात तारा झाकोळून गेला होता; उद्रेक ओसरल्यावरच त्याच्या वर्णपटातील रेषा स्वच्छ दिसू लागल्या. त्या रेषांच्या सरकण्यावरून त्याचा वेग आणि साडेसहा दिवसांचा आवर्तकाल मिळाला, आणि त्यांतून अदृश्य घटकाचे वस्तुमान सूर्याच्या सहापटींपेक्षा कमी असू शकत नाही, हे १९९२ मध्ये दाखवता आले. ही किमान मर्यादा आहे, कारण कक्षेचा कल, म्हणजे ती आपल्या दृष्टिरेषेशी किती तिरपी आहे हे, वेगळ्या मार्गाने काढावा लागतो. अशा मजकुरात ‘दाता’ लिहिल्यास वाचकाचे लक्ष निष्कारण द्रव्याच्या प्रवाहाकडे वळते.

आणखी एक मत : ‘जोडीदार’ का नको, असे कोणी विचारील. तो शब्द दोन्ही बाजूंनी सारखाच लागू पडतो, त्यामुळे कोणता घटक अभिप्रेत आहे ते कळत नाही. ‘सहचर’ही संबंधाशिवाय उभा राहत नाही, म्हणून लेखात प्रथम येताना ‘न्यूट्रॉन ताऱ्याचा सहचर’ असे षष्ठीसह लिहावे, पुढे नुसते ‘सहचर’ चालेल. शौरी तारकासमूहातील एचझेड या ताऱ्याबद्दल लिहिताना तर हे विशेष पाळावे, कारण त्याची न्यूट्रॉन ताऱ्याकडील बाजू क्ष-किरणांनी तापून उजळते, ती बाजू १.७ दिवसांत एकदा आपल्याकडे वळते, आणि उजळलेला घटक कोणता याबद्दल वाक्यात संदिग्धता सहज शिरते.