बागेत वानर मेलेलं सापडलं, माकडतापाची लस अजून देतात का?

घोटगेवाडीचा_पुण्यात

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. आमचं गाव दोडामार्ग तालुक्यात, मी पुण्यात असतो, आईबाबा दोघंच घरी. काल बाबांना शेजाऱ्यांच्या काजूच्या बागेत, आमच्या कुंपणापासून फार तर दोनशे पावलांवर, काळ्या तोंडाचं वानर मेलेलं दिसलं. बाबा म्हणतात काय नाय रे, म्हातारं असेल. पण काजूचा सीझन आत्ताच सुरू झालाय, दोघं रोज सकाळी बी गोळा करायला जातात आणि आई वर पातेरा (झाडाखालचा वाळका पाला) पण आणते गोठ्यासाठी, त्यामुळे माकडतापाच्या (गोचीड चावून होणारा विषाणूचा ताप, यात माकडं पण मरतात) भीतीने मला झोप नाही.

२०१७ ला आमच्याकडे लसीकरण झालं होतं, दोघांनी दोन डोस घेतले, तिसरा राहिला (तेव्हा बहिणीचं लग्न होतं). प्रश्न असे की त्या दोन डोसांचा आता काही उपयोग आहे का, आणि लस परत कुठे मिळेल? पुण्यात दोन मेडिकलवाल्यांना विचारलं तर एकाने मला रेबीजचं इंजेक्शन दाखवलं. बाबांचं वय ६७, आई ६१.

निवृत्त_आरोग्यसेवक

आधी लसीचं डोक्यातून काढा, ते नंतर बोलू. आत्ता फोन उचला आणि आशाताईंना नाहीतर पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) कळवा. त्या वानराला कोणी हात लावायचा नाही, काठीने ढकलायचं पण नाही, आणि पुरायचा शहाणपणा तर अजिबात करू नका. जनावर मेलं की अंग थंड पडतं आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूच्या पाल्यात पसरतात, म्हणजे ज्या जागी वानर पडलं ती जागाच पुढे धोक्याची होते. म्हणून मेल्या जागेभोवती साधारण ५० फूट मॅलेथिऑनची पावडर मारतात. मी स्वतः मारलीय, तोंडाला फडका बांधून, वास आठवडाभर नाकातून जात नाही.

बाबांना सांगा की त्या बाजूची बी गेली तर जाऊदे. आणि बाकीच्या बागेत जाताना हातापायाला डेपा तेल (गोचिडी दूर ठेवणारं) लावूनच जायचं, ते आरोग्य खात्याकडून फुकट मिळतं, डीआरडीओच्या (संरक्षण खात्याची संशोधन संस्था) ग्वाल्हेरच्या लॅबमध्ये बनवलेलं औषध आहे, मुळात सैनिकांसाठी. बाटली घरात ठेवून उपयोग नाही (आमच्याकडे निम्म्या घरात ती देवळीत असायची, सील पण न तोडलेली).

लस २०२२ पासून बंद आहे. बंगळुरूला सरकारी पशुवैद्यकीय संस्थेत बनायची, तिथून यायची. मेडिकलमध्ये ती कधीच मिळत नव्हती. आणि चालू असती तरी बाबांना दिली नसती, ६५ च्या वर देत नव्हतो.

काजीवालो

अरे बाबा, वांदर मेलो म्हणजे माकडतापच असता असा काय नाय. आमच्या वाडीत गेल्या वर्सा एक इजेच्या तारेर चिकटान मेलो, एकाक कुत्र्यांनी फाडल्यानी. तापान मरतत तेव्हा एकटो मरणा नाय, चार दिवसांनी दुसरो गावता, मगे तिसरो. कळव तू, पण घाबरान जाव नको.

आणि लशीचा म्हणशात तर माका ईचारा. पयलो डोस घेतलंय, हात असो सुजलो की दोन दिस कोयतो धरूक जमलो नाय. ऐन काजीचो सीझन, कामा तशीच पडली, दुसऱ्या डोसाक मी गेलंयच नाय. म्हयन्याभरान ताप इलो तो इलोच. नऊ दिस गोव्यात बांबुळीच्या हॉस्पिटलात काढलंय, डोळे लालभडक, आंग असा दुखा की खाट हलली तरी बोंब मारी. तेव्हापासून सगळ्यांका सांगतंय, लस म्हणजे नुसती टोचाटोची.

सूक्ष्मजीव_कुडाळ

काजीवाले काका, तुमच्या बाबतीत लस फेल गेली असं म्हणता येत नाही, कारण लस तुम्ही घेतलीच नाही असंच धरतात. ही मेलेल्या विषाणूची लस होती, कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर विषाणू वाढवायचा आणि फॉर्मेलिनने मारायचा. अशा लसीचा एक डोस शरीराला नुसती ओळख करून देतो. तिचं वेळापत्रकच मुळात दोन डोस महिन्याच्या अंतराने, मग ६ ते ९ महिन्यांनी बूस्टर आणि त्यानंतर पाच वर्षं दरवर्षी एक असं होतं. म्हणजे आठ इंजेक्शनं, तीही दुखणारी. आता सांगा, कोण घेणार? कर्नाटकात पण लोक याच कारणाने गळायचे, दुखणं हे तिथे कायमचं कारण.

मूळ प्रश्नाला उत्तर: २०१७ चे दोन डोस आज हिशेबात धरू नका. आईबाबांना लस मिळालेलीच नाही असं समजूनच काळजी घ्या.

आता थोडं आकड्यांचं, कारण दोन्ही बाजूने लोक काहीही फेकतात. १९९० च्या सुमारास कर्नाटकात शिमोगा भागात मोठी चाचणी झाली तेव्हा दोन डोसांनंतर ९३ टक्क्यांच्या वर संरक्षण दिसलं होतं. नंतर २००५ ते २०१० ची माहिती घेऊन परत तपासलं तर दोन डोसांना ६२.४ टक्के आणि बूस्टर घेतलेल्यांना ८२.९ टक्के. लस तीच, माणसं त्याच भागातली, आकडा उतरला. ६२ टक्के म्हणजे शंभरातले ६२ सुरक्षित असं नव्हे हां, लस न घेता जिथे १०० जण आजारी पडले असते तिथे ३८ पडले, असा त्याचा अर्थ. आणि हे फ्रीज धड चालू, डोस वेळेवर, असं सगळं सरळ झालं तर.

आकडा का उतरला यात बरंच काही येतं, पण एक गोष्ट आपल्याकडे पण दिसते बघा. लसीकरणाचा कॅम्प सकाळी दहाला शाळेत. त्या वेळी जो माणूस खरा जंगलात, बागेत, त्याला लस चुकते आणि घरी असणारे आजोबा आणि शाळेतली पोरं घेऊन जातात. कागदावर गावात इतके टक्के लसीकरण, आणि गोचीड चावते त्याच्या अंगात शून्य.

निवृत्त_आरोग्यसेवक

कॅम्प दहाला कारण आमची गाडी नऊला यायची, लस बर्फात घालून. संध्याकाळी सातला बागायतदार घरी येणार म्हणून थांबलो असतो तर परत कधी जायचं, रस्त्यात गवे. पण मुद्दा बरोबर आहे, मान्य.

मात्र लस बंद केली ते मला आजही पटलेलं नाही. अर्धवट का असेना, काहीतरी होतं हातात. दरवर्षी देशभरात चारपाचशे लोकांना होणारा आजार, तोही घाटाच्या कडेच्या गरीब माणसाला, त्यासाठी नवीन लस बनवायला कोण पैसे घालणार होतं? जुनी काढून घेतली आणि नवीन येईपर्यंत लोकांच्या हातात तेलाची बाटली.

सूक्ष्मजीव_कुडाळ

काका, तुमचा राग समजतो, पण लसीची ताकद तपासणीत कमी पडतेय हे माहीत असताना टोचत राहायचं का? लस घेतलेला माणूस निर्धास्त होतो आणि तेल लावायचं सोडतो, मग तो न घेतलेल्यापेक्षा जास्त धोक्यात. आणि असा एक माणूस आजारी पडला की काजीवाल्या काकांसारखं अख्ख्या वाडीला सांगतो, त्यानंतर पोलिओचा डोस द्यायला गेलात तरी दारं बंद.

आणि चुकीची लस ही या आजाराची जुनीच गोष्ट आहे. १९५७ ला शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे लोक, म्हणजे आत्ताची एनआयव्ही ही विषाणू संशोधन संस्था, धावत गेले कारण भीती होती की पिवळा ताप भारतात शिरला. त्या तापातही माकडं मरतात आणि तो आपल्याकडे कधी आलेला नव्हता. तपासल्यावर निघाला भलताच विषाणू, रशियातल्या गोचिडीच्या तापाचा चुलत भाऊ. मग वाटलं भाऊच आहे तर रशियन तापावरची लस चालेल, ती लोकांना टोचली, उपयोग शून्य. त्यानंतर आपली स्वतःची बनवली. त्या काळात पुण्याच्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांनाही हा ताप झाला, इतका चिवट. आज या विषाणूवर काम करायचं तर खूप कडक बंदोबस्ताची लॅब लागते. लस बनवायला उशीर का लागतो याचं हे पण एक कारण, अंगणात चूल मांडून होणारं काम नाही.

नवीन लसीवर आयसीएमआर (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची लस कंपनी इंडियन इम्युनोलॉजिकल्स मिळून काम करतायत. पण या सीझनला ती हातात येणार नाही, त्यामुळे आत्ता तिची वाट बघू नका.

सत्तरीची_सून

मी पलीकडची, गोव्यातल्या वाळपईजवळची, आमच्याकडे २०१५ पासून हे चालू आहे. पुरुष मंडळी विषाणूवर भांडतायत म्हणून मी आईसाठी लिहिते, कारण बागेत वाकून, बसून बी वेचणारी बाईच असते. झाड झोडायला पुरुष, खाली पाल्यात उकिडवं बसून बोंडू (काजूचं फळ) पिळून बी काढायला बायका, आणि दमल्या की टेकतात पण त्याच पाल्यात. चावणारी गोचीड म्हणजे गुरांच्या अंगावरची फुगलेली मोठी नव्हे, तिळाएवढी पिल्लं असतात, दिसत पण नाहीत.

माझ्या सासूबाई गोणपाटावर बसायच्या आणि तेच गोणपाट घरी आणून माजघरात टाकायच्या. आता आम्ही काय करतो, बागेचे कपडे वेगळे, पूर्ण हाताचे, पाय झाकलेले, घरात शिरायच्या आधी मागच्या पडवीत उतरवून सरळ गरम पाण्यात. आंघोळ करताना काखेत, गुडघ्याच्या मागे, केसात, कमरेच्या नाडीखाली हात फिरवून बघायचं. तेल घामाने जातं, त्यामुळे सकाळी एकदा लावलं आणि दिवस काढला असं करू नका, न्याहारीनंतर परत लावायचं. वास येतो, चिकट लागतं, सासूबाईंनी पहिले चार दिवस शिव्या दिल्या.

पातेरा मात्र यंदा बंद करा. खरंच सांगते. तो डोक्यावरून आणायचा, गोठ्यात पसरायचा, म्हणजे गोचिडी स्वतः उचलून घरी आणणं. गुरांना हा ताप होत नाही पण गोचिडी त्यांच्यावरच पोसतात, तर गुरांच्या डॉक्टरांकडून गोचिडीचं औषध पण करून घ्या.

अजून एक. सासूबाईंना एका वर्षी हा ताप आला होता. आठ दिवसांनी उतरला, आम्ही खूष, घरी आणलं. दोन आठवड्यांनी परत ताप, डोकं फुटेल असं दुखणं, हात थरथर, कुठे आहे ते कळेना. डॉक्टर म्हणाले काही जणांना अशी दुसरी फेरी येते. कोणी आम्हाला आधी सांगितलं नव्हतं म्हणून इथे लिहिलं.

घोटगेवाडीचा_पुण्यात

खूप आभार सगळ्यांचे, विशेषतः ताईंचे, आईला तुमचं सगळं फोनवर वाचून दाखवलं. समजा ताप आलाच तर ओळखायचा कसा? आमच्याकडे ताप म्हटला की डॉक्टर सरळ लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) गोळ्या देतात.

सूक्ष्मजीव_कुडाळ

लेप्टो पावसाळ्यात, शेतात चिखल असतो तेव्हा. आत्ता कोरड्यात, म्हणजे डिसेंबर ते मे, बागेत जाणाऱ्याला एकदम थंडी वाजून ताप, कपाळ आणि अंग प्रचंड दुखतंय, डोळे लाल, उलट्या, तर डॉक्टरना स्वतःहून सांगायचं की अमुक दिवशी जवळ वानर मेलेलं सापडलं होतं. हे एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरून बदलून आलेल्या डॉक्टरच्या डोक्यात माकडताप येईलच असं नाही. गोचीड चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत सुरू होतो. रक्त पहिल्या आठवड्यात गेलं तर पीसीआरमध्ये सापडतं, उशीर झाला तर अँटिबॉडीची टेस्ट करावी लागते. अंगदुखीला ब्रूफेन, ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने नको, यात प्लेटलेट उतरतात आणि हिरड्या, नाकातून रक्त येऊ शकतं, फक्त पॅरासिटामॉल. विषाणू मारणारं औषध नाही, सलाईन आणि लक्ष ठेवणं यावरच माणूस बरा होतो आणि बहुतेक होतात. शंभरात तीन ते पाच दगावतात म्हणून वेळेवर दाखवायचं. एक बरं आहे, माणसापासून माणसाला होत नाही, आईला झाला तर बाबांना वेगळं झोपायची गरज नाही.

काजीवालो

ह्या बांबुळीत माका डॉक्टरान सांगितल्यान तसाच सांगता हो. बरा. लशीबद्दल माझा मत बदललेला नाय, पण दुसरो डोस मी घेवक नाय ह्या खरा, ता मान्य. नवी इली तर बघुया. संध्याकाळी सातान कॅम्प लावा, गव्यांचा मी बघतंय.

घोटगेवाडीचा_पुण्यात

अपडेट: आज सकाळी टीम आली होती, वनखात्याचा माणूस आणि गुरांचे डॉक्टर पण. वानराचे नमुने घेतले, रिपोर्ट यायचाय. पावडर मारली, शेजारी वैतागलेत कारण त्यांची चार झाडं त्या गोलात आली आणि खाली बी पडून आहे. तेलाच्या चार बाटल्या मिळाल्या. बाबा अजून म्हणतात म्हातारं होतं, पण लावतायत. आई विचारतेय की तेल लावलेल्या हाताने बोंडू खाल्लं तर चालेल का.

सत्तरीची_सून

नाही. साबणाने हात धुवून मग. आणि त्या चार झाडांखालचं तर नकोच, शेजाऱ्यांना पण सांग, रात्री गुपचूप जाऊन वेचतील.